विझवणाऱ्याचे हात

प्रिय झब्दाय,

प्रारंभीच एक गंभीर तक्रार मांडतो, आणि ती तू धर्मगुरू म्हणून नव्हे, शेजारी म्हणून ऐकावीस. आमच्या वल्हांडणाच्या सणाच्या सुरुवातीला तुझ्या घरी पाठवलेली आमची टोपली परत आली, पण जी आली ती आमची नव्हे. आमच्या टोपलीला दोन कड्या होत्या. आलेलीला एकच आहे, आणि तिला कांद्याचा असा काही वास मारतो की शप्पीराने ती अजून उंबऱ्याच्या आत घेतलेली नाही. "टोपली बदलून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी मी भाकरी फडक्यात बांधून पाठवीन," असे माझ्या सहधर्मचारिणीचे शासन आहे. मी म्हटलं, अगं, तो आता मोठा माणूस, अँटिओकचा बिशप त्याला नावाने ओळखतो. त्याच्याशी टोपलीवरून वाद कसा घालायचा? तर म्हणते, "मोठा असेल तो चर्चमध्ये. आमच्या ओट्यावर बसून बाहीला नाक पुसायचा, ते मी पाहिलंय."

खरं म्हणजे टोपलीपेक्षा टोपलीच्या तळानेच मला अधिक विचारात पाडलं. तळाशी चुरा होता. धूर तेथे अग्नी, हे अनुमान आपण दोघांनी एकाच बाकावर बसून घोकलं. त्याच न्यायाने चुरा तेथे भक्षक. म्हणजे बुधवारी आमची बेखमीर, न आंबवलेली भाकरी तुझ्या घरात कुणीतरी खाल्ली, आणि शुक्रवारी तू व्यासपीठावरून सांगितलंस की यहुद्याच्या हातची भाकरी जो घेईल तो त्याच्या पापाचाही वाटेकरी होईल. हे मी कुणाला सांगणार नाही. उलट चुरा बघून मला बरंच वाटलं होतं. शुक्रवार तेव्हा यायचा होता.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहायचं, असं तुला वाटेल. मी आलोही होतो. पण तुझ्या ओट्यावर हल्ली काठ्या घेऊन जे रिकामटेकडे बसतात, त्यातल्या एकाने विचारलं, "काय मास्तर, इकडे कुठं?" तो माझाच जुना विद्यार्थी, त्याला क्रियापदं कधी आली नाहीत, पण त्या दिवशीचं क्रियापद त्याने काठी आपटून अचूक चालवलं. मी म्हटलं, फिरायला. आणि फिरलो. तेव्हा हे पत्र. येत्या सोमवारी सुभेदाराचा अंमलदार अँटिओकहून येतो आहे, बस्सोस कुंभार धान्याच्या कोठारात कोंडलेला आहे, आणि सोमवारपर्यंत कुणी खरं बोललं नाही तर तो खाणीत जाईल. खाणीतून परत आलेला माणूस आपल्या गावात कुणी पाहिलेला नाही.

तुझं शुक्रवारचं प्रवचन मी ऐकलं. आत येऊन नव्हे. माझी शाळा तुझ्या चर्चसमोरच्या ओसरीत भरते आणि तुझा आवाज बाळपणापासून बैलासारखा. सण म्हणून शाळेला सुट्टी होती, मी उंदरांनी कुरतडलेल्या मेणाच्या पाट्या निवडत बसलो होतो. रचना उत्तम होती, हे कबूल केलंच पाहिजे. "प्रभूच्या रक्ताने ते हात अजून ओले आहेत! ते हात तुमच्या शेजारी राहतात, तुमच्याशी सौदा करतात, तुम्हाला भाकरी देतात!" इथे तू जो थांबलास, तो विराम गुरुजींनी ऐकला असता तर डोळे पुसले असते. समोर नसलेल्याला समोर आहे असं मानून संबोधायचं, हा अलंकार आपण त्यांच्याकडेच शिकलो. श्रोते उठून त्या समोर नसलेल्याला शोधायला निघतात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. मी हातातली पाटी खाली ठेवली आणि माझे हात बघितले. मेणाने माखले होते. उगाच सदऱ्याला पुसले. वेडेपणाच, पण पुसले.

आमच्या सभास्थानाला आग त्याच संध्याकाळी, शब्बाथचे दिवे लागल्यावर लागली. लावणाऱ्याला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण शब्बाथ, आमचा विश्रामदिन, लागला की आम्ही जशी आग पेटवत नाही तशी विझवतही नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, आणि दार म्हणजे काही जीव नव्हे. धर्मशास्त्राच्या गुंडाळ्या वाचवायला मुभा आहे. मागच्या खिडकीतून त्या आम्ही काढल्या, आणि मग आमचा सारा समाज सणाच्या कपड्यांत रस्त्याच्या पलीकडे उभा राहून आपल्या सभास्थानाचं दार जळताना बघत राहिला. परधर्माचा कुणी विझवायला धावला तर त्याला 'विझव' म्हणायचं नाही, 'विझवू नकोस' असंही म्हणायचं नाही, असा आमच्या थोरांचा दंडक आहे. तेवढ्यात मागच्या भट्टीवरून बस्सोस आला, दोन्ही हातांत चिखलपाण्याच्या घागरी. आम्हाला बघून ओरडला, "अरे, बघत काय उभे राहिलात म्हाताऱ्यांनो? पाणी टाकू की नको? बोला की!" आम्ही गप्प. "मुके झालात होय रे सगळे?" आम्ही अधिकच गप्प. तेव्हा त्याने आम्हाला, आमच्या बापजाद्यांना आणि आमच्या मोशेला अशा काही शिव्या घातल्या की माझ्या शिक्षकी कानांनाही त्यातल्या दोन नव्या होत्या. आणि शिव्या देत देतच त्याने पाणी टाकलं, पेटलेली फळी उघड्या हातांनी उपसून रस्त्यात फेकली, आग छपरापर्यंत जाऊ दिली नाही. मग फुंकर मारत हात बघत म्हणाला, "उद्या तरी बोलाल ना?" हा बस्सोस तुझा माणूस, झब्दाय. रविवार चुकवत नाही, आणि तुझ्या चर्चमध्ये सर्वांत बेसूर तोच गातो.

पुढचं तुला माहीत आहे. शनिवारी पहारेकऱ्यांनी भाजलेले हात शोधत गाव पालथं घातलं, आणि गावात भाजलेले हात एकाचेच निघाले. त्यात तुझ्या बहिणीचा, दोम्नीनाचा मुलगा रोमानोस पुढे होऊन म्हणाला, "मी त्याला दारापाशी बघितलं." यात खोटं काहीच नव्हतं. आम्हीही सगळ्यांनी बघितलं होतं. मी पहाऱ्याच्या नाईकाकडे जाऊन सांगितलं की त्याने विझवली. नाईक म्हणाला, "लावताना कोण होतं ते बघितलंत का? नाही ना? मग लावली त्यानेच, नंतर घाबरला अन् विझवली. तुम्ही दाराचं बघा, मास्तर, हातांचं आम्ही बघतो." सम्राटाचा हुकूम आहे की आमची सभास्थानं कुणी जाळू नयेत. हुकूम मोडला म्हणजे कुणाला तरी शिक्षा झाली पाहिजे. कुणाला, हा प्रश्न हुकुमात आलेला नाही.

मग या आठवड्याच्या सोमवारी बस्सोसची बायको शमूनी रोमानोसला दंडाला धरून माझ्यासमोर घेऊन आली, शपथेला. या तुमच्या लोकांच्या खोडीवर तू कितीदा तरी चर्चमध्ये आग पाखडली आहेस, पण खोड जात नाही: व्यवहारात वाद झाला की एकमेकांना ओढत आमच्या सभास्थानात आणायचं आणि आमच्या पवित्र पेटीपुढे शपथ घ्यायला लावायची. इथली खोटी शपथ माणसाला वर्षाच्या आत खाते, असा तुमच्याकडे समज आहे. मी त्या पेटीशेजारी इतकी वर्षं बसतो, खोटी शपथ घेऊन गेलेले कितीतरी गलेलठ्ठ लोक मला रोज बाजारात भेटतात. पण हे मी बोलून दाखवत नाही, नाहीतर आमचा एवढाही मान जायचा. मी शमूनीला म्हटलं, बाई, सणाचे दिवस आहेत, तुमच्या चर्चमध्ये घ्यायला लाव ना शपथ. ती म्हणाली, "तिथं नको. तिथं त्याचा मामाच बसलाय माफ करायला. इथला देव कुणाचा मामा नाही."

रोमानोस हसत आला होता. मी शिकवलेला मुलगा. हसणं ही त्याची घाबरण्याची रीत, हे मला ठाऊक आहे. दाराच्या जागी आम्ही तागाचं पोतं टांगलं आहे. ते बाजूला करून तो आत आला आणि त्याला वास आला. भिजलेल्या जळक्या लाकडाचा तो वास अजून जात नाही. त्याने पेटीवर हात ठेवला. मी शब्द सांगितले, त्याने ते माझ्यामागून म्हणायचे होते: मी ती आग लावली नाही. "मी" एवढं तो म्हणाला. मग हात उचलून त्याने तो बघितला, जसा शुक्रवारी मी माझा बघितला होता, आणि पोतं उडवून निघून गेला. शमूनी रस्त्यात उभी राहून छाती पिटत ओरडत राहिली, "बघा रे, घेतली नाही त्यानं शपथ! जीभ उचलली नाही मेल्याची!" लोक म्हणाले, धर्मगुरूचा भाचा, त्याला यहुद्यांच्या पेटीशी काय देणंघेणं. दुसऱ्या दिवशी तू सांगितलंस की तो लोकर विकायला अँटिओकला गेला आहे. गेला असेल. या मोसमात लोकर कोण विकतं, हा भाग वेगळा.

आमच्याकडे काय चाललं आहे तेही ऐक. माझा जावई हग्गाय जेवताना म्हणाला, "सगळ्यांनी मिळून जाळलं. एकूण एक." मी विचारलं, बस्सोसनेसुद्धा? "तो त्यांच्यातलाच ना?" अरे, पण त्याने विझवली. "विझवली त्याने, पण लावली त्याच्या लोकांनीच. आज एक विझवतो, उद्या तोच लावील. रक्तातच आहे त्यांच्या." झब्दाय, मी हातातला घास ताटात परत ठेवला. हग्गायने तुझं प्रवचन ऐकलेलं नाही, तो त्या वेळी मळ्यात होता. तरी त्याच्या तोंडून शब्दाला शब्द तेच आलं, विरामासकट. शप्पीरा त्याला म्हणाली, "जावईबापू, भाजी घ्या," आणि विषय मिटला. म्हणजे ताटापुरता मिटला.

मला एक गंमत राहून राहून वाटते. साडेतीनशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात तुमच्या प्रभूला क्रुसावर दिल्याच्या अपराधाचा धनी तुला कुळासकट, घरासकट, भाकरीच्या टोपलीसकट सापडतो; आणि गेल्या शुक्रवारी तुझ्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर आग कुणी लावली, ते सापडत नाही. त्या वेळी मी तिथे नव्हतो. तूही नव्हतास. तिथे एक सुभेदार होता, त्याच्या शिपायांच्या हातांत हातोडे होते, आपली गादी जाईल म्हणून धास्तावलेले आमचे काही पुजारी होते, आणि कोणत्याही चौकात असतो तसा, पुढचा ओरडला की ओरडणारा जमाव होता. हात धुतले त्या सुभेदाराने आणि ओले राहिले दुसऱ्यांचे, हा कुठला न्याय? मला वाटतं, अडचण एवढीच आहे की रोमच्या राज्याने आता तुमच्याकडे स्नान करून धर्म घेतला आहे. जावयाचा जुना गुन्हा सासरी कुणी काढत नाही. मग उरतो शेजारी.

आमच्या थोरांचंही मी समर्थन करत नाही. रोमने आमचं मंदिर जाळलं, तर हे म्हणाले, आम्हीच एकमेकांचा विनाकारण द्वेष केला म्हणून ते जळलं. मशाल दुसऱ्याच्या हातात आणि छाती पिटायची स्वतःची! लहानपणी मला याचा फार राग यायचा. हल्ली वाटतं, खोड वाईट खरीच, पण तिने शेजाऱ्याचं दार तरी जळत नाही.

गुरुजींचा न्याय तुला आठवतो? कुणी खोडी केली आणि कबूल केलं नाही, तर सगळ्या बाकाला छड्या. एकदा त्यांच्या गादीखाली मासा ठेवलेला निघाला. सगळे हात पुढे करून रांगेत उभे राहिले, आणि तू पुढे होऊन म्हणालास, मी ठेवला. तू ठेवला नव्हतास, हे मला नक्की माहीत आहे, कारण तुला माशाची शिसारी होती. मी तुला मग विचारलं, का रे? तर म्हणालास, "सगळ्यांचे हात बघवेनात." त्या दिवसापासून मी तुला माझा मित्र म्हणतो. तू धर्मगुरू झालास तेव्हा आमच्या समाजातल्या लोकांना मी सांगत फिरलो की आपण भाग्यवान आहोत.

आता माझा पेच सांगतो. सोमवारी अंमलदार मला बोलावणार, दार आमचं म्हणून. विचारणार, कुणावर संशय आहे? मी गप्प बसलो, तर एक निरपराध माणूस आमच्या डोळ्यांदेखत शिक्षेला जाईल आणि आम्ही पुन्हा रस्त्याच्या पलीकडे उभे. या वेळी शब्बाथचं कारणही नाही. आणि मी नाव घेतलं, तर काय होईल? एका यहुद्याने एका तरुण ख्रिस्ती मुलाला रोमी अधिकाऱ्याच्या हवाली केलं. झब्दाय, हा प्रसंग तुझ्या लोकांना पाठ आहे. प्रभूला धरून दिल्याचा तो प्रसंग दरवर्षी तू त्यांना वाचून दाखवतोस. त्यात माझी जागा कोणती, हे मला कुणी सांगायला नको, आणि त्यानंतर नुसतं दार जळणार नाही. मी नाव घेऊ शकत नाही, आणि न घेऊनही चालत नाही. ते घेण्याचा अधिकार ज्याचं आहे त्याला, नाहीतर त्याच्या मामाला.

कारण रोमानोस अँटिओकला गेलेला नाही. तो माझ्या घरात आहे. मंगळवारी सकाळी परसातल्या भिंतीवरून उडी मारून आला आणि पिठाच्या खोलीत जाऊन बसला. तेव्हापासून बाहेर आलेला नाही. हग्गायलाही ठाऊक नाही. "मामा म्हणाले, ते हात इथेच आहेत. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी करायलाच पाहिजे," असं तो मला म्हणाला, दार नुसतं काळं करायचं होतं, एवढं पेटेल असं वाटलं नव्हतं, असंही म्हणाला. बस्सोसचं नाव काढलं की पिठाच्या पोत्याआड तोंड लपवतो. सणात आंबवलेलं काही आम्ही घरात ठेवत नाही; काल संध्याकाळी सण सुटला आणि दोम्नीना नेहमीप्रमाणे आमच्यासाठी आंबवलेल्या पिठाचा गोळा घेऊन आली. अशा वर्षीही आली, हे तिच्या नावे देव लिहून ठेवो. चुलीपाशी बसून मुलासाठी रडली. मधे फक्त एक भिंत होती, आणि भिंतीमागे तो मूठ दातांत धरून बसला होता. शप्पीरा तिला काही सांगू शकली नाही. कारण हा मुलगा यहुद्याच्या घरात, वल्हांडणाच्या दिवसांत, दाराआड सापडला, तर 'यहुद्यांनी पळवून नेला' याच्या पुढचं वाक्य काय असेल, ते तू माझ्याहून चांगलं रचशील. तो सगळं कबूल करायला तयार आहे, पण म्हणतो, मामा शेजारी उभे राहिले तरच. स्वतःहून कबुली आली तर फटके आणि दाराची भरपाई यावर निभावेल. मी स्वतः अंमलदाराला तसं विनवीन. तेव्हा तू ये. उद्या शुक्रवारी, भर दुपारी, पुढच्या दाराने, सगळी गल्ली बघत असताना ये, त्याचा हात धर आणि त्याला घेऊन जा. आणि सोमवारी त्याच्या शेजारी उभा राहून सांग की ते हात तू दाखवलेस आणि आग त्याने लावली. मला अंमलदाराची भीती वाटते, तुझ्या ओट्यावरच्या काठ्यांचीही वाटते, हे लपवत नाही. पण झोप त्यांनी उडवलेली नाही. तू आला नाहीस तर मी जेवताना हग्गायच्या समोर बसेन, तो म्हणेल की सगळे एकूण एक तसलेच, आणि मला त्यावर बोलायला काही उरणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझाच,
तान्हूम